मंजूर रस्ता, महाग पेट्रोल आणि पक्ष बदलणारे नेते: मतदारानं नेमकं विचारायचं काय?

परभणी जिल्ह्यात खता-बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या एका भाऊंनी विचारलंय ते थोडक्यात असं: ‘राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल आमच्याकडं. जीएसटी भरतो, व्यवसाय कर भरतो. गावचा रस्ता चार वर्षांपासून मंजूर आहे. नारळ फुटला, फलक लागला, पण खडीची एक गाडी आली नाही. ज्या पक्षाला आमच्या घरानं वडिलांच्या काळापासून मतं दिली, त्याचे नेते तिकडं गेले, तिकडचे इकडं आले. पैसा जातो कुठं? मत द्यायचं कुणाला? का सरळ नोटा दाबू?’

भाऊ, माझी नोकरी लेखा खात्यात झाली, काही वर्षं कोषागारात, काही जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात, आणि सगळी मराठवाड्यातच. त्यामुळं मी पैशाच्या वाटेनं उत्तर देतो. मत कुणाला द्या हे सांगणार नाही. तुम्ही कर, खर्च आणि नेते अशा तीन तक्रारी केल्यात. मला त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते: ज्याच्या सहीनं पैसा सुटतो तो माणूस तुमच्या गावात कधी येत नाही, आणि जो येतो त्याच्या हातात ती सही नाही. मधल्या मध्ये तुम्ही ज्याला जाब विचारता तो खरंच सांगतो की ‘माझ्या हातात नाही’, आणि तरीही पुढच्या वेळी मत मागायला तोच येतो.

आधी कराचं बघू, कारण तिथं थोडी साफसफाई लागेल.

परभणीतलं पेट्रोल महाग असतं ते राज्याचा कर तुमच्यावर जास्त आहे म्हणून नव्हे. २०२४ च्या मध्यापर्यंत मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा व्हॅट २६ टक्के होता आणि आपला २५. मग तो सगळीकडं २५ टक्के अधिक लिटरमागं ५ रुपये १२ पैसे असा एकसारखा झाला. तुमचा टँकर मनमाडच्या डेपोतून येतो, जवळपास तीनशे किलोमीटर. फरक त्या वाहतुकीचा आहे. तेव्हा या बाबतीत भांडायचं तर जवळच्या डेपोसाठी भांडावं लागेल, व्हॅटसाठी भांडून परभणी आणि मुंबईतला फरक मिटणार नाही.

राज्याबरोबर केंद्राचाही वाटा बघा. एप्रिल २०२५ मधल्या वाढीनंतर पेट्रोलवरचं केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागं २१ रुपये ९० पैसे झालं. त्यातलं मूळ शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. उरलेलं सगळं विशेष अतिरिक्त शुल्क आणि सेस. राज्यांना वाटा मिळतो तो मूळ शुल्कातून. सेस आणि अधिभार केंद्र वाटत नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी वाटपयोग्य करातला ४१ टक्के हिस्सा सगळ्या राज्यांना ठरवला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के. म्हणून राज्याचे मंत्री दिल्लीकडं बोट दाखवतात तेव्हा ते पूर्ण खोटं नसतं. पण राज्याचा स्वतःचा व्हॅट राज्यच ठरवतं, आणि त्यावर दिल्लीचं नाव घेऊन चालत नाही.

जीएसटीचं तुम्हाला माहीतच असेल, तरी लिहितो. दुकानदार म्हणून तुम्ही तो गिऱ्हाईकाकडून घेऊन पुढं देता. खरा भार शेतकऱ्यावर पडतो. खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. तुम्हाला खरेदीवरच्या कराची वजावट मिळते, त्याला मिळत नाही, कारण शेतमाल विकणारा शेतकरी जीएसटीच्या नोंदणीतच येत नाही. सप्टेंबर २०२५ च्या बदलात ट्रॅक्टर, ठिबक ५ टक्क्यांवर आले, रासायनिक कीटकनाशकं १८ वरच राहिली.

व्यवसाय कराची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती मला आवडते. वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये आहे. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्यानं आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं तुमच्या गावात अजून असतील, त्यांना विचारा. शहरातल्या पगारदारानं दिलेला पैसा दुष्काळी गावातल्या मजुराकडं जाणार, हे तेव्हा कायद्यात लिहिलेलं होतं. आज आपण जे भरतो त्यातल्या बहुतेक करांबद्दल असं काहीच सांगता येत नाही. सगळं एका एकत्रित निधीत जातं आणि तिथून पुढं ज्याचा जोर त्याचा वाटा.

इथंच एक सावधगिरी. ‘मराठवाड्याचा कर मुंबई खाते’ असं आपण भाषणात ऐकतो. हा हिशेब मांडू नका, त्यात आपण हरतो. राज्याचा बहुतांश महसूल मुंबई, ठाणे, पुण्याच्या पट्ट्यातून येतो. आपला हक्क भरलेल्या कराच्या प्रमाणात नाहीच. तो १९५३ च्या नागपूर करारातून आणि घटनेच्या कलम ३७१(२) मधून येतो, जिथं विकासखर्चाच्या समन्यायी वाटपाची जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, मोजला, तो एकूण ३,१८६ कोटींचा निघाला आणि त्यातला साधारण पाव हिस्सा मराठवाड्याचा होता. १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि पुढचे कित्येक अर्थसंकल्प मंडळाशिवायच झाले. आठ जिल्ह्यांतल्या ४६ आमदारांपैकी कितींनी त्यावर सभागृह अडवलं, हा प्रश्न पेट्रोलच्या दरापेक्षा मला मोठा वाटतो.

आता तुमच्या रस्त्याकडं येतो, कारण खरी गोम तिथं आहे.

‘मंजूर’ म्हणजे पैसा नव्हे. खात्यात चार गोष्टी वेगळ्या असतात: घोषणा, प्रशासकीय मान्यता, अर्थसंकल्पातली तरतूद आणि निधीचं वितरण. वर्तमानपत्रात पहिली येते, फलकावर दुसरी येते, गुत्तेदाराला (कंत्राटदाराला) चौथी लागते. प्रशासकीय मान्यता म्हणजे ‘हे काम करायला हरकत नाही’ असा कागद. त्या कागदावर नारळ फुटतो. पण ज्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या ज्या क्रमांकित खात्याखाली, काम घेतलंय त्यात त्या वर्षी तरतूद किती, हे वेगळंच पान असतं. कित्येकदा तिथं एक हजार रुपयांची टोकन तरतूद असते. म्हणजे दार उघडं ठेवलंय, आत काही नाही. आणि तरतूद असली तरी वित्त विभाग ती पूर्ण सोडेलच असं नाही. वर्षभर अमुक टक्केच सोडायचे असं परिपत्रक निघतं आणि उरलेलं मार्चमध्ये आलं तर आलं.

याचा परिणाम तुम्ही बघताच. तरतुदीच्या काही पटींनी कामांना मान्यता दिलेली असते. त्याला आम्ही दायित्व म्हणतो. दायित्व वाढलं की गुत्तेदार नवीन काम घ्यायला कचरतो, घेतलं तर निम्मं करून यंत्र हलवतो. गावाला वाटतं गुत्तेदार चोर. कधी असतोही. पण मी कोषागारात असताना मार्चअखेर जी देयकं निधीअभावी परत जायची, त्यातली बरीच झालेल्या, मोजलेल्या कामांची असायची.

चार वर्षं म्हणालात म्हणून आणखी एक शक्यता. राज्यात २०१९ ला आणि पुन्हा २०२२ ला सरकार बदललं, तेव्हा दोन्ही वेळा नव्या सरकारनं आधीच्या सरकारनं मंजूर केलेल्या बऱ्याच कामांना स्थगिती दिली. २०२२ च्या स्थगितीविरुद्ध लोक उच्च न्यायालयात गेले. तुमचा रस्ता जर २५१५ मधला असेल, म्हणजे ग्रामविकास विभागाचं मूलभूत सुविधांचं ते प्रसिद्ध पंचवीस-पंधरा लेखाशीर्ष, तर तो अशा स्थगितीत सापडलेला असू शकतो. कारण ती कामं आमदारांच्या शिफारशीवर मिळतात, आणि शिफारस करणारा कुठल्या बाजूला बसलाय यावर त्यांचं नशीब ठरतं. रस्ता ३०५४ किंवा ५०५४ या रस्ते-पुलांच्या लेखाशीर्षांचा असेल, मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेचा असेल, तर कारण वेगळं. जमिनीच्या वादात अडकला असेल तर त्याहून वेगळं. हे कागद न बघता मी सांगू शकत नाही, आणि जो कागद न बघता सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता मोठा आकडा. १० मार्च २०२५ ला अजित पवारांनी मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख २० कोटींचा होता. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी, म्हणजे ४५,८९१ कोटींची महसुली तूट. वर्षअखेरीस कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुलाचा निम्म्याहून जास्त भाग जातो. (माझं निवृत्तिवेतनही त्यातच आहे, हे सांगून टाकतो.) लाडकी बहीण योजनेला त्या वर्षी ३६ हजार कोटी.

लाडक्या बहिणीवर सगळं खापर फोडणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही. महिन्याचे १,५०० रुपये मधे कुणाचा हात न लागता बाईच्या खात्यात पोचतात. आपल्याकडच्या कितीतरी योजनांबद्दल हे म्हणता येणार नाही. माझा आक्षेप क्रमावर आहे. जुलै २०२४ मध्ये योजना आली, नोव्हेंबरमध्ये विधानसभेचं मतदान झालं, आणि पात्रतेची खरी छाननी, ई-केवायसी वगैरे, त्यानंतर. आधी पैसे, मग यादी तपासणं. लेखा खात्यात शिपायाच्या प्रवासभत्त्यालाही आम्ही हे चालू दिलं नसतं.

आणि मग ओढाताण होते. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकासचे सुमारे ३३५ कोटी या योजनेकडं गेले, तेव्हा सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी दाखवली. ते छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे आपल्यातलेच. सरकारची बाजू अशी होती की त्या-त्या प्रवर्गातल्या लाभार्थ्यांसाठीचीच ती तरतूद आहे, वळवलेली नाही. कोण बरोबर यात मी शिरत नाही. पण कॅबिनेट मंत्र्याला स्वतःच्या विभागाच्या पैशाबद्दल वर्तमानपत्रातून बोलावं लागत असेल, तर तुमच्या आमदाराच्या हातात काय असेल याचा अंदाज करा.

शिवाय मार्चमधला अर्थसंकल्प हा वर्षाचा शेवटचा शब्द नसतो. त्याच वर्षी पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या आणि डिसेंबरमध्ये ७५,२८६ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यातली सगळी रक्कम नवीन रोख खर्चाची नसते, काही नुसता खातेबदल असतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनं आपल्याकडं जमिनी खरडून गेल्या, तसा खर्च आधी माहीत नसतो हेही मान्य. तरीही सव्वा लाख कोटींच्या वर रक्कम नंतर मागितली जाते आणि त्यावर चर्चा किती होते हे बघा.

आता नेते. तुम्ही विचारलंत की हे पक्ष का बदलतात. बदलणारा माणूस कॅमेऱ्यासमोर एकच कारण देतो: मतदारसंघाचा विकास. आपण हसतो. पण मला त्यात अर्धं सत्य दिसतं. निधी कुणाला किती हे वरचे तीन-चार लोक ठरवतात, त्यामुळं आमदाराला त्यांच्या जवळ असावंच लागतं. २०२२ मध्ये शिवसेनेतून बाहेर पडलेल्या आमदारांची जाहीर तक्रार होती की अर्थखातं राष्ट्रवादीकडं आहे आणि आम्हाला निधी मिळत नाही. पुढच्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, तेच अर्थमंत्री, अजित पवार, या आमदारांच्याच सरकारात आले आणि अर्थखातं पुन्हा त्यांच्याकडंच गेलं. तक्रार विचारांची असती तर सरकार टिकलं नसतं.

यात कायद्याचाही हात आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं आमदाराला व्हिपशी, म्हणजे पक्षाच्या आदेशाशी, बांधलं. अर्थसंकल्पावर त्यानं पक्षाविरुद्ध मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. २००३ मध्ये एक-तृतीयांश फुटीची सवलतही काढली. पण २०२२ ला शिवसेनेत आणि २०२३ ला राष्ट्रवादीत झालेल्या फुटींवर विधानसभा अध्यक्षांनी २०२४ मध्ये निकाल दिले तेव्हा कुठल्याच गटाचे आमदार अपात्र ठरले नाहीत. म्हणजे व्यवहारात काय झालं? तुमच्या रस्त्यासाठी एकट्यानं उभं राहणारा धोक्यात, घोळक्यानं पलीकडं जाणारा सुरक्षित. यात कुठलाही एक पक्ष स्वच्छ नाही. मुख्यमंत्री राहिलेले अशोक चव्हाण फेब्रुवारी २०२४ मध्ये काँग्रेसमधून भाजपत गेले, तेव्हा नांदेडमधल्या कार्यकर्त्यांनी काल ज्यांच्यावर टीका केली त्यांच्यासाठी आज सतरंज्या उचलल्या.

आपल्याकडं नेतृत्व नव्हतं असंही नाही. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव, अशोकराव, चार मुख्यमंत्री इथले. फरक कळायला जायकवाडी बघा. १९६५ ला पायाभरणी, १९७६ ला लोकार्पण. डावा कालवा तुमच्या परभणीपर्यंत आला. एवढी वर्षं दर मार्चला त्या धरणाची तरतूद टिकवून ठेवणं, इतर विभागांची ओढाताण असताना, हे शंकररावांसारख्या नेत्याचं काम होतं. त्याच्यासमोर पॅकेजं ठेवा. ऑक्टोबर २०१६ ला संभाजीनगरच्या मंत्रिमंडळ बैठकीत ४९ हजार कोटींची घोषणा झाली, सप्टेंबर २०२३ च्या बैठकीत पुन्हा ४५ हजार कोटींहून जास्त. पॅकेजमध्ये बऱ्याचदा आधीच चालू असलेल्या योजना एकत्र मोजलेल्या असतात. मी पॅकेजची बातमी वाचत नाही, पुढच्या मार्चमध्ये लेखाशीर्ष उघडतो.

नोटाबद्दल सरळ सांगतो. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, सुमारे साडेसत्तावीस हजार मतं. राज्यभर चर्चा झाली. निवडून आलेल्याचं काही बिघडलं नाही, कारण विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांतला पहिला निवडून येतो. स्थानिक स्वराज्य संस्थांचं वेगळं आहे: राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार महापालिका-नगरपालिकांच्या निवडणुकीत नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यावी लागते. म्हणजे नोटा दाबायचाच असेल तर त्याला धार तिथं आहे, विधानसभेला नाही. मी स्वतः विधानसभेला दाबणार नाही. तुम्ही दाबलात तर तुमचा हक्क.

स्थानिक संस्थांचा विषय निघालाच तर, बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं काही वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. गावरस्त्यांचा पैसा जिथून फिरतो तिथं निवडून आलेलं माणूसच नव्हतं. तुमच्या चार वर्षांतली बरीचशी वर्षं नेमकी तीच. आपण विधानसभेच्या निकालावर पैजा लावतो आणि या गोष्टीवर एकही मोर्चा माझ्या पाहण्यात आला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

तर करायचं काय? आधी रस्ता कुणाचा आहे ते शोधा: जिल्हा परिषद बांधकाम, सार्वजनिक बांधकाम, की ग्रामसडक. फलकावर बारीक अक्षरात योजनेचं नाव असतं, त्याचा फोटो काढा. मग माहिती अधिकाराचा अर्ज. ‘रस्ता का झाला नाही’ असं लिहू नका. ‘का’ ला उत्तर देणं बंधनकारक नाही, कागद देणं आहे. असं लिहा: ‘अमुक ते अमुक रस्त्याच्या कामाची प्रशासकीय मान्यता, लेखाशीर्ष, मागील चार आर्थिक वर्षांत या कामासाठी वितरित झालेला निधी, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी.’ अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर ठेवा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील. दुसऱ्या अपिलाला वेळ लागतो, म्हणून पहिल्यातच नीट लिहा. लेखाशीर्ष हातात आलं की वित्त विभागाच्या बीम्स प्रणालीवर त्याखाली किती तरतूद आणि किती वितरण हे कुणालाही बघता येतं. मोबाइलवर नीट दिसत नाही, सेतू केंद्रातल्या संगणकावर बसा.

मग तो कागद घेऊन उमेदवाराकडं जा, पक्ष कुठलाही असो. ‘आमच्या रस्त्याचं बघा’ म्हणालात तर तो ‘बघतो’ म्हणेल. ‘या लेखाशीर्षाखाली टोकन तरतूद आहे, पुरवणी मागणीत तुम्ही किती मागितली?’ असं विचारा. उत्तर देता न येणाऱ्याचा चेहरा बघून तुम्हाला बरंच कळेल, आणि ज्याला उत्तर देता येतं तो दुसऱ्या पक्षातला निघाला तर घरच्या परंपरेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मंदिरापुढच्या सभामंडपासाठी मात्र त्याच बैठकीत निधी मागू नका. तो दहा लाखांत सुटतो, आणि तुमच्या गावाचा हिशेब त्याच्या वहीत चुकता होतो.

माहिती आली की मान्यतेची तारीख आणि लेखाशीर्षाचा क्रमांक कळवा. तारीख २०२२ च्या मध्याच्या आधीची असेल तर स्थगितीचा शासन निर्णयही मागवावा लागेल. त्याचा अर्ज वेगळा करायचा, याच अर्जात घालू नका.